सुईचे छिद्र आणि शिंप्यावरील आळ

सुई, कातर आणि गज ही तीन साधने आपल्या शिंपी समाजाच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. संतश्रेष्ठ नामदेवमहाराजांच्या घरचा व्यवसाय हाच होता, हे सर्वश्रुतच आहे. कातरीने कापड कापले जाते हे उघड होय. परंतु सुईनेही कापड कापले जाऊ शकते, हा अनुभव आपल्या पूर्वजांना क्वचितच आला असेल. मांजरपाट, खादी, छीट, बनात अशी जी वस्त्रे त्यांच्या हाताखालून गेली, ती प्रायः मागावर विणलेली असत. अशा कापडात सुईने केलेली वाट सुई निघून गेल्यावर बहुधा आपोआप मिटते. गेल्या दोन-तीन पिढ्यांत मात्र समाजातील पुष्कळ तरुण-तरुणी दुकानाच्या ओट्यावरून उठून तयार कपड्यांच्या कारखान्यांत यंत्रावर बसू लागली. तेथे बनियन, टी-शर्ट, मुलांचे कपडे यांचे ढीग शिवावे लागतात. टिपेच्या कडेला टाचणीच्या अग्राएवढे एक भोक दिसते, धुलाईनंतर ते वाढते, तपासनीस त्यास ‘नीडल कट’ असे नाव देतो, नग बाद ठरतो आणि शिवणाऱ्याची मजुरी कापली जाते. या दोषाची जन्मकथा वाचकांपुढे ठेवण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. ती पाहिली म्हणजे आळ घेण्याची जी रीत पडली आहे ती कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रत्येकास करता येईल.

प्रथम शब्दांचा घोळ सोडविला पाहिजे. आपल्या भाषेत साडीही विणतात आणि स्वेटरही विणतात, क्रियापद एकच. परंतु या दोन कृतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मागावर ताण्याचे उभे धागे आणि बाण्याचे आडवे धागे एकमेकांवरून-खालून जातात. प्रत्येक धागा जवळजवळ सरळ असतो आणि कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला असतो. स्वेटरात किंवा बनियनमध्ये मात्र एका सुताचे फास एकमेकांत ओवलेले असतात. एक फास तुटला की त्याच्यात अडकलेला वरचा फास निराधार होतो, त्याच्यामागून तिसरा, आणि उभी फट पडत जाते. या दुसऱ्या प्रकारास बाजारात होजिअरीचे कापड म्हणतात. येथेही तोच शब्द वापरला आहे. आपल्याकडील जुनी माणसे बनियनला गंजीफ्रॉक म्हणत. त्यातील ‘गंजी’ म्हणजे इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील गर्नसी बेट होय. त्या बेटावरील कोळ्यांचा विणलेला सदरा नावासकट आपल्या अंगावर आला. शेजारच्या जर्सी बेटानेही असेच एका कापडाला आपले नाव दिले.

हातातील सुयांवर होणारे हे विणकाम यंत्राकडे सोपविण्याची युक्ती १५८९ मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅमशायर परगण्यात विल्यम ली या गृहस्थाने काढली. पायमोजे विणण्याचे ते लाकूड-लोखंडाचे यंत्र होते. एलिझाबेथ राणीने त्यास मक्ता दिला नाही आणि पुढे ली फ्रान्समध्ये निवर्तला. परंतु यंत्र मात्र टिकले व त्यावर मध्य इंग्लंडातील सहस्रावधी कुटुंबे पोट भरू लागली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या यंत्रावर मोजा आकारातच विणला जाई. पोटरीपाशी फास वाढवावयाचे, घोट्यापाशी कमी करावयाचे, म्हणजे दोन्ही बाजूंना पक्की किनार येई. मग त्या किनारी एकमेकींस जोडल्या की काम झाले. कातर कोठेच लागत नसे आणि सुई कापडाच्या पोटात शिरतच नसे. अर्थात सुईने कापड बिघडण्याचा प्रश्नही नव्हता.

तो प्रश्न सव्वादोनशे वर्षांनी उभा राहिला आणि उभा राहिला तो दंग्याच्या रूपाने. १८११ च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी रुंद यंत्रांवर होजिअरीचे सरसकट पन्हे विणून घेण्यास आरंभ केला. ही रुंद यंत्रे मुळात दुसऱ्या कपड्यांसाठी केलेली होती. ती फॅशन ओसरल्यावर ती रिकामी पडली. त्यांवरील पन्ह्यातून कातरीने मोज्यांचे तुकडे कापावयाचे आणि ते शिवून टाकावयाचे, असा हा स्वस्तातला मार्ग होता. कापलेल्या कडेला किनार नसे. फास उघडे पडत. शिवण थोडी ताणली की फास सुटत आणि मोजा उसवून जाई. दुकानात मात्र तो अस्सल मालाच्या शेजारी, त्याच डौलाने मांडलेला असे. गिऱ्हाईक एकदा फसला की सर्वच मोज्यांना नावे ठेवी. भाव पडले आणि चांगले काम करणारा विणकर उपाशी मरू लागला. १८११ च्या मार्चमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या अर्नोल्ड गावी विणकरांनी ही यंत्रे फोडण्यास सुरुवात केली. ‘लडाइट’ म्हणून इतिहासात जे प्रसिद्ध आहेत ते हेच लोक होत.

यंत्रांचा आंधळा द्वेष करणारे अडाणी लोक, असा या शब्दाचा अर्थ आज झाला आहे. तो अन्यायाचा आहे, असे आम्हांस वाटते. ज्यांच्या बापजाद्यांनी दोनशे वर्षे यंत्रावरच विणकाम केले, त्यांना यंत्राचा द्वेष कोठून असणार? त्यांची तक्रार कमी मजुरीविषयी आणि कातरून शिवलेल्या खोट्या मालाविषयी होती. सरकारने १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरविली. त्या विधेयकाविरुद्ध कवी बायरन याने २७ फेब्रुवारी १८१२ रोजी उमरावांच्या सभेत आपले पहिले भाषण केले. ग्रेव्हनर हेन्सन नावाच्या विणकर पुढाऱ्याने हातोड्याचा मार्ग सोडून अर्जाचा मार्ग धरला आणि असल्या लबाडीस आळा घालणारे विधेयक पार्लमेंटपुढे नेले. कॉमन्स सभेत ते दुरुस्त्यांसह संमत झाले. उमरावांच्या सभेने ते त्याच वर्षी फेटाळले. कातरून शिवलेली होजिअरी तेव्हापासून जगात रुजली ती रुजलीच. आज अंगात घातले जाणारे बहुतेक सर्व टी-शर्ट त्याच पद्धतीचे आहेत.

मग शिवणीलाच शहाणे करणे भाग पडले. शिवणयंत्राच्या इतिहासात होव व सिंगर यांची नावे सर्वांस ठाऊक असतात. परंतु त्यांच्याही आधी, १८१० च्या सुमारास, जर्मनीतील मायेन गावच्या बाल्थाझार क्रेम्स या मोजेविणकराने टोप्या शिवण्याचे एक यंत्र बनविले होते. त्यातील सुईचे नेढे मागच्या टोकास नसून अग्राजवळ होते. आजच्या प्रत्येक शिवणयंत्रातील सुई अशीच असते. एलायस होव याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपापली पेटंटे घेतली. त्यांच्या यंत्राची दोन दोऱ्यांची टीप मागाच्या कापडास उत्तम. परंतु होजिअरी ताणली असता कापड लांबते, दोरा लांबत नाही आणि टीप तटकन तुटते. १८५७ मध्ये जेम्स गिब्ज याने साखळीच्या टाक्याचे यंत्र केले. ती टीप कापडाबरोबर थोडी ताणू शके. १८८१ मध्ये अमेरिकेतील जोसेफ मेरो याने कडेवरून वेढे घेत शिवणारे यंत्र सिद्ध केले. ज्यास आपण ओव्हरलॉक म्हणतो ते हेच. उघडे फास त्या वेढ्यांत बांधले गेले आणि १८११ ची तक्रार, सत्तर वर्षांनी का होईना, निम्मी दूर झाली.

उरलेली निम्मी मात्र सुईपाशी येऊन थांबली. येथे थोडा हिशेब केला पाहिजे. तो कंटाळवाणा नाही. यंत्राच्या सुईवर ७०, ८०, ९० असे जे आकडे असतात ते तिच्या जाडीचे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजलेले असतात. जुन्या गणनेत त्यांनाच १०, १२, १४ नंबर म्हणतात. ९० ची सुई म्हणजे ०.९ मिलिमीटर जाड. तिचा घेर सुमारे २.८ मिलिमीटर भरतो. आता बारीक बनियनच्या कापडातील एक फास उलगडून सरळ केला, तर त्याची लांबी ढोबळ मानाने अडीच ते तीन मिलिमीटर असते. सुई नेमकी फासात शिरली, तर त्या फासाचे सारे सूत तिच्याभोवती गुंडाळले तरी जेमतेम पुरेल, आणि तेच सूत वरच्या-खालच्या फासांनाही धरून ठेवत असते. म्हणून फास काय करतो? तो शेजारच्या फासांकडून सूत उसने घेतो. शेजारचा फास आपल्या शेजाऱ्याकडून घेतो. सुई वर गेली की उसने फिटते आणि कापड पूर्ववत होते. हा व्यवहार सुरळीत झाला तर सुईचा मागमूसही राहत नाही.

परंतु उसने मिळण्यास सूत सुतावरून घसरले पाहिजे. ते घसरले नाही तर फास ताणला जातो आणि तुटतो. होजिअरीतील सुईदोषाचे मर्म एवढेच आहे. हाताने शिवणाऱ्या माणसाच्या बोटांस अडथळा कळतो व तो सुई अंमळ बाजूस घेतो. यंत्रास कळत नाही. मिनिटाला ५००० टाके घालणाऱ्या यंत्रात एका टाक्यास सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग मिळतो, आणि त्यातलाही अंशच सुई खाली शिरण्यासाठी असतो. एवढ्या अवकाशात सूत देण्या-घेण्याचा व्यवहार उरकावा लागतो.

सूत का घसरत नाही, याची कारणे शोधू लागलो म्हणजे आपण शिलाईच्या दालनातून बाहेर पडून रंगखान्यात जाऊन पोहोचतो. कापसाच्या तंतूवर निसर्गानेच मेणाचा एक पातळ थर दिलेला असतो. रंग नीट चढावा म्हणून कापड कॉस्टिक सोड्यात उकळतात, तेव्हा तो थर निघून जातो. शुभ्र करण्याची द्रव्ये जास्त झाली तर तंतू स्वतःच कमजोर होतो. पुढे गडद रंगासाठी कापड दीर्घकाळ रंगाच्या व मिठाच्या पाण्यात घोळवावे लागते. शेवटी गेलेल्या मेणाची भरपाई म्हणून मऊपणा आणणाऱ्या द्रव्याचा हात द्यावयाचा असतो. खर्च वाचविण्यासाठी हीच पायरी आखूड केली जाते. नंतर कापड वाजवीपेक्षा जास्त तापवून सुकविले जाते. साधारण हवेत कापसाने आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरून ठेवलेली असते. ती उडाली की सूत ताठर होते. असे कोरडे ठणठणीत कापड भट्टीतून निघाल्याबरोबर कातरून यंत्रावर आणले, तर फास तुटणार नाहीत तर काय होईल? तेच कापड एक रात्र उघड्या हवेत पसरून ठेवले असता पुष्कळदा निमूटपणे शिवले जाते. एका कारखान्यात आम्ही हे पाहिले आहे. तेथे एकाच सुताचे, एकाच यंत्रावर विणलेले पांढरे कापड आणि काळे कापड एकीच बाईने एकाच सुईने शिवले. पांढऱ्यात एक भोक नव्हते. काळ्यात वीतभर टिपेत चार होती. मुकादमाने दंड मात्र बाईला केला.

विणकराकडेही काही दोष जातो. कापड फार घट्ट विणले तर फास आखूड होतो आणि उसने देण्यास कोणाजवळच शिल्लक उरत नाही. बाह्यांच्या सांध्यात, जेथे चार-चार पदर एकत्र येतात, तेथे हीच तंगी चौपट होते.

शिवणाऱ्याच्या बाजूची कारणे लपविण्याचे प्रयोजन नाही. सुई गरजेपेक्षा जाड असणे हे पहिले कारण. शर्टाचे १४ वा १६ नंबर होजिअरीस लावण्याची सवय आपल्या जुन्या कारागिरांना असते. सुईचे टोक खालच्या पट्टीवर आपटून वळलेले असणे हे दुसरे. असे वळलेले टोक डोळ्यांना दिसत नाही. जुन्या नायलॉनच्या पायमोज्यावरून सुई हलकेच ओढली की ती अडकते आणि लबाडी उघडकीस येते. खालच्या पट्टीचे भोक फार मोठे असले तर कापड सुईबरोबर त्यात ओढले जाते. कापड पुढे सरकविणारे दाते फार खरखरीत असले तर तेही ओरखडे काढतात. टोकाची गोष्ट मोठी गमतीची आहे. सुई जितकी तीक्ष्ण तितकी चांगली, हा आपला पिढीजात समज. होजिअरीसाठी मात्र अग्र किंचित गोल केलेली सुई करावी लागली. तीक्ष्ण टोक सुतालाच भोसकते. गोल टोक सुतावरून घसरून फटीत उतरते. या गोलव्यातही लहान-मोठे प्रकार असतात आणि बारीक कापडास मोठा गोलवा उलट घातकच ठरतो.

येथवर सारी कथा कापसाची व लोकरीची झाली. १५ मे १९४० रोजी अमेरिकेत नायलॉनचे पायमोजे सर्वत्र विक्रीस आले आणि दोषात एक नवाच प्रकार शिरला. कापूस करपतो, पण वितळत नाही. नायलॉन मात्र जातीप्रमाणे सुमारे २१५ ते २६० अंशांना वितळते आणि पुढे आलेले पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धानंतर शिवणयंत्रांचा वेग वाढत गेला. वेगाने वर-खाली होणारी सुई कापडाशी घासून तापते आणि तिचे तापमान ३०० अंशांच्याही वर जाऊ शकते. चालू टिपेत सरकणारा दोरा थोडी उष्णता वाहून नेतो. म्हणून खरा अपघात यंत्र थांबते त्या क्षणी होतो. तापलेली सुई कापडात तशीच उभी राहते, भोवतीचे सूत वितळते आणि भोकाची कड कडक होते. वितळलेला अंश नेढ्यात साचून पुढे दोराही तोडतो. यावर सुईवर हवेचा झोत सोडणे, दोऱ्यास मेणचट लेप देणे, सुईवर गुळगुळीत धातूचे आवरण चढविणे असे उपाय निघाले. सर्वांत सोपा उपाय यंत्राचा वेग कमी करणे हा होय. परंतु नगावर मजुरी असलेल्या ठिकाणी तो कोणालाच परवडत नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स याने जो लवचिक धागा शोधला, ज्यास आपण लायक्रा म्हणतो, त्याने आणखी एक भर घातली. सुई त्या धाग्यास लागली की तो तुटून आत आखडतो आणि टिपेशेजारी कापड सैल पडते.

दोष कोणाचा हा वाद तोंडाच्या बळावर सोडविण्याऐवजी मोजून सोडवावा, असा विचार नॉटिंगहॅममध्येच व्हावा, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. तेथील होजिअरी-संशोधन संस्थेत काम केलेल्या डी. एल. मंडन यांनी १९५९ मध्ये फासाच्या लांबीवर कापडाचे गुणधर्म कसे अवलंबून असतात, याचे गणित मांडले होते. पुढे १९७० नंतरच्या दशकात लीमिंग व मंडन यांनी एक तपासणीयंत्र तयार केले. त्यात सुईत दोरा नसतो आणि शिवणारा माणूसही नसतो. कापडाची पट्टी पुढे सरकते, सुई मिनिटाला सुमारे १०० वेळा तिच्यात शिरते आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जोर किती वेळा लागला, याची मोजदाद होते. जोर जास्त लागला म्हणजे सूत घसरत नाही, म्हणजेच हे कापड शिवताना फाटणार. ही गोष्ट ते कापड कातरण्याच्या टेबलावर येण्यापूर्वीच कळून येते. ज्या कापडाने या यंत्रात नापास व्हावे, त्याच्या भोकांबद्दल शिवणारास जबाबदार धरणे म्हणजे गळक्या घागरीबद्दल पाणक्यास बोल लावणे होय.

आपल्या देशात होजिअरीचा पहिला कारखाना १८९३ मध्ये कलकत्त्यातील खिदिरपूर येथे निघाला, असे मानले जाते. पुढे लुधियाना लोकरी मालासाठी आणि तिरुप्पूर सुती बनियनांसाठी प्रसिद्धीस आले. १९८० नंतर तिरुप्पूरचा माल मोठ्या प्रमाणावर परदेशी जाऊ लागला आणि परदेशी गिऱ्हाइकाची कडक तपासणीही त्याबरोबर आली. मुंबई व तिच्या आसपासचे शिलाईचे कारखानेही तोच माल शिवू लागले. विणणारा एक, रंगविणारा दुसरा, कातरणारा तिसरा आणि शिवणारा चौथा, अशी कामाची वाटणी असल्याने भोक मात्र चौथ्याच्याच हातात सापडते.

कायदा या बाबतीत तितका आंधळा नाही. १९३६ च्या वेतन-प्रदान अधिनियमात अशी अट होती की, स्वाधीन केलेल्या मालाच्या नुकसानीबद्दल मजुरी कापावयाची तर ते नुकसान प्रत्यक्ष त्या कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्यास आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली, हे तत्त्व कायम आहे. बाजू मांडावयाची तर पुरावा हवा, आणि तो शिवणाऱ्याच्या हातचाच आहे. नव्या थानाची वीतभर पट्टी घ्यावी, नवी व योग्य नंबरची सुई लावावी, दोरा न ओवता त्या पट्टीवर टीप चालवावी आणि पट्टी आडवी ताणून भिंगाखाली पाहावी. सुताची टोके कडक गोळा झालेली असली तर दोष उष्णतेचा आहे. पिंजारलेली असली तर फास ताणून तुटला आहे. मग त्याच थानाची दुसरी पट्टी रात्रभर हवेत ठेवून सकाळी तिच्यावर तशीच टीप चालवून पाहावी. भोके कमी झाली तर कापड फाजील सुकविलेले होते. दोन्ही पट्ट्यांवर थानाचा क्रमांक आणि तारीख घालून त्या जपून ठेवाव्यात.